खंडेनवमीला पुजलेल्या चार डिस्का

संगणक बंद पडला की लोक आधी घरचे उपाय करतात आणि मग माझ्याकडे येतात. रेवदंड्याच्या बाजारात सत्तावीस वर्षं दुकान चालवलं, पण बिघाड झाल्या झाल्या, कशालाही हात न लावता सरळ माझ्याकडे आलेलं गिऱ्हाईक मला आठवत नाही. एका तांडेलाने, म्हणजे होडीच्या कप्तानाने, बंद पडलेली डिस्क दोन दिवस होडीवरच्या बर्फात, पापलेटांच्या खाली ठेवली होती. गार केली की चालते, असं त्याला मेहुण्याने सांगितलं होतं. ती डिस्क चालली, आणि तिथेच घात झाला. त्यानंतर वर्षभर लोक मला बर्फातल्या डिस्का आणून देत होते आणि माझ्या टेबलावर मांजरं चढत होती. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी पडद्यावर आलेली बिघाडाची सूचना रोज सकाळी वहीत सुवाच्य अक्षरात उतरवली होती, तारीख-वारासकट, चाळीस पानं. सूचना रोज तीच होती.

माझा धंदा म्हणजे अशा यंत्रांतून अडकलेला माल बाहेर काढणं. लग्नाच्या चित्रफिती, सातबाराच्या नकला, दुबईला गेलेल्या मुलाचे फोटो, ज्याचं जे असेल ते. या धंद्यातली माझी हुशारी अनेकांना ठाऊक आहे, कारण मीच ती सांगत असतो. आज मात्र माझ्या हातून झालेला एक घोळ सांगणार आहे. तो मी स्वतःच सांगितलेला बरा, कारण त्यातला शेवटचा प्रसंग पंचक्रोशीतल्या सगळ्या मोबाइलांवर फिरून आलेला आहे.

आमच्याकडे जगदीश नावाचा एक फोटोग्राफर आहे. लग्नं, बारशी, कबड्डीचे सामने, सगळं तोच टिपतो. त्याच्याकडे चित्रफिती इतक्या साठल्या की मी त्याला चार डिस्कांचा एक डबा बसवून दिला. तो डबा काय करतो ते आधी सांगतो. समजा, एका पुस्तकाची पानं सुटी करून चार शेजाऱ्यांकडे ओळीने वाटून ठेवली. पुस्तक वाचायचं तर चौघांनी आपापली पानं क्रमाने द्यायची. त्यात अशी युक्ती केलेली असते की एखादा शेजारी गावाला गेला तरी उरलेल्या तिघांच्या पानांवरून त्याची पानं लिहून काढता येतात. दोघे गेले की पुस्तक गेलं. पहिला कोण आणि तिसरा कोण हे विसरलं, तरीही गेलं. या चौघांच्या मिळून झालेल्या एका पुस्तकाला आम्ही व्हॉल्यूम म्हणतो.

डबा बसवताना मी जगदीशसमोर जरा मिरवलो. म्हणालो, "यातली डिस्क चालू डब्यातून बाहेर काढता येते. बंदसुद्धा करावा लागत नाही." एक बिघडली तर ती एकच काढायची, हे वाक्याचं उरलेलं अर्धं मी बोललोच नाही. शिवाय एक डिस्क मेली तरी काही जात नाही, हेही मी छाती फुगवून सांगितलं. मग जगदीशने वेगळी प्रत ठेवणं सोडून दिलं. कॅमेऱ्यातली कार्डं तो लगेच पुसून पुढच्या लग्नाला न्यायला लागला. मला हे दिसत होतं आणि मी गप्प बसलो.

मग खंडेनवमी आली. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारं-अवजारं पुजतात. जगदीशने पाटावर कॅमेरे मांडले, तिवया मांडल्या, ड्रोनला झेंडूची माळ घातली. डबाही पुजायला हवा, कारण निम्म्या तालुक्याची लग्नं त्याच्या पोटात. पण नुसत्या पत्र्याच्या खोक्याला कुंकू लावणं त्याच्या मनाला पटेना. तेव्हा त्याला माझं वाक्य आठवलं. त्याने चालू डब्यातून चारही डिस्का एकेक करून बाहेर ओढल्या, ओल्या फडक्याने पुसल्या, लाल कापडावर मांडल्या, हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या आणि शेजारीच नारळ वाढवला. आरती झाली. प्रसाद वाटून झाल्यावर ज्या खाचेत जी बसेल ती डिस्क त्याने परत ढकलली.

थोड्या वेळाने त्याचा फोन आला. "दत्ताकाका, डब्याला लाल दिवा लागलाय आणि तो ओरडतोय. पडद्यावर व्हॉल्यूम ऑफलाइन असं आलंय. खाली विचारतोय, नवीन बनवू का. बनवू?"

मी इतक्या जोरात "हात लावू नको" म्हणून ओरडलो की समोरच्या टपरीवाल्याने हातातला भजीचा झारा सोडला. आमच्या धंद्यात माणसाचं सगळ्यात जास्त नुकसान 'हो' म्हणण्याने होतं. डब्याला बिचाऱ्याला एवढंच कळलेलं असतं की जुनं पुस्तक जुळत नाही. त्याची कोरं पुस्तक द्यायची तयारी असते, आणि ते तो जुन्या पानांवरच लिहितो. जगदीशने ते बटण दाबण्याआधी मला विचारलं, याबद्दल त्याचे सगळे गुन्हे मी माफ केले. पुढच्या अर्ध्या तासात त्यातले बरेच परत त्याच्या नावावर घातले.

मी स्कूटरवरून त्याच्याकडे पोचलो तर तो पाटासमोरच मांडी घालून बसला होता, तोंड उतरलेलं. म्हणाला, "काका, बाकीची लग्नं गेली तर मी लोकांच्या पाया पडेन. पण हिराबायचे धवले त्यात आहेत."

आमच्या आगरी लग्नात धवलारीण असते. लग्नातला एकेक विधी ती गाऊन लावते. हळदीचा धवला वेगळा, मांडवाचा वेगळा, मुलीच्या पाठवणीचा वेगळा. हिराबाय ही खाडीपलीकडच्या गावातली धवलारीण. चाळीस वर्षं तिच्याशिवाय आसपासच्या गावांत नवरीच्या अंगाला हळद लागली नाही. ती मांडवात उभी राहून गायला लागली की कर्णा लागत नसे. आदल्या उन्हाळ्यात तिच्या घशाची शस्त्रक्रिया ठरली. नंतर गाता येणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. म्हणून शस्त्रक्रियेच्या आधी तीन दिवस जगदीशच्या स्टुडिओत बसून तिने तिला येत होते ते सगळे धवले गाऊन दिले. ही जगदीशची कल्पना, आणि त्याने एक पैसा घेतला नाही. एकदाच हे गाणं आपल्याकडे येणार म्हणून तो त्याला खाडीवरच्या सूर्यास्ताचे ड्रोनचे शॉट लावत बसला होता. सूर्यास्त त्याच्या मनासारखा होईना, म्हणून चार महिने झाले तरी कुणालाच प्रत दिली नव्हती.

आता हिराबायला फक्त कुजबुजता येत होतं. मार्गशीर्षात तिच्या नातीचं, प्रणालीचं लग्न होतं. साऱ्या पंचक्रोशीच्या पोरी हिराबायने गाऊन सासरी पाठवल्या, तेव्हा स्वतःची नात तिच्याच धवल्यांवर जायला हवी होती. तिला दुसरं काही नको होतं. प्रणाली अलिबागला नोकरी करायची. शस्त्रक्रियेआधी आजी शीक म्हणून मागे लागली, तेव्हा "रेकॉर्डिंग आहे ना" म्हणून तिने अंग काढून घेतलं होतं.

सांगायला आम्ही दोघं गेलो. वाटेत जगदीश म्हणाला, "काका, तुम्ही मोठे आहात, तुम्ही सांगा." मी म्हणालो, "पूजा तू केलीस, तू सांग." शेवटी दोघंही एकदम बोलायला लागलो. हिराबायने सगळं ऐकून घेतलं आणि कुजबुजत विचारलं, "पूजा त केली ना नीट?"

"केली," जगदीश म्हणाला.

"मंग कनाला रडतंस. दत्ता, माजी गानी त्यात हायत का न्हाय?"

"हायत गं. पण कुठल्या पानामागून कुठलं पान, ते त्या डब्याला कळत न्हाय."

"मंग त्याला सांग."

गेल्या सत्तावीस वर्षांत माझं काम एवढ्या थोडक्यात कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिराबाय दुकानात हजर झाली. बरोबर स्वतःचा पाट, सूप आणि न निवडलेल्या सोड्यांची पिशवी. सोडे म्हणजे सुकवलेली कोळंबी. माझ्यावर तिचा विश्वास नव्हता, आणि तो का असावा हे मलाही सांगता आलं नसतं. रोज दहा ते एक ती कोपऱ्यात सोडे निवडत बसायची आणि मधून मधून पडद्याकडे बघून विचारायची, "कवरा झाला?" ती कुजबुजायची म्हणून मीही कुजबुजायचो, आणि आम्हा दोघांमुळे गिऱ्हाइकंही कुजबुजायला लागली. रस्त्यावर "अलिबाग, अलिबाग" करून घसा फोडणारा रिक्षावाला आत पाऊल टाकताच चोरून बोलल्यासारखा म्हणायचा, "काका, चार्जर आहे का?" एक बाई प्रिंट काढायला आल्या. दोन मिनिटं बघत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "कोण वारलं?"

डिस्का तपासल्या तर एकीच्या जोडणीत कुंकू भरलेलं. ते मी ब्रशने आणि स्पिरिटने तासभर काढत होतो. दुसरीच्या खाचेत एक अक्षता अडकली होती. तिसरीत नारळाचं पाणी शिरून ती कायमची गेली होती. चौथी तेवढी धडधाकट निघाली. म्हणजे एक शेजारी वारला, तीन शिल्लक. एवढ्यावर पुस्तक जुळतं.

मूळ डिस्कशी कधी झटापट करायची नसते. आधी प्रत्येकीची जशीच्या तशी नक्कल काढायची, मूळ डिस्का कपाटात ठेवून द्यायच्या आणि जी काय धडपड करायची ती नकलेवर. एकेका नकलेला दोन-दोन दिवस लागले. मग क्रमाचा प्रश्न आला. चार जागांवर चार डिस्का चोवीस तऱ्हांनी बसतात. मला एकदम आठवलं, जगदीश फोटोग्राफर आहे. त्याने पूजेचे फोटो काढलेच असणार. डिस्का काढल्या त्या क्रमाने मांडल्या असतील, तर फोटोत त्यांचे नंबर दिसतील. विचारलं तर म्हणाला, चौसष्ट काढलेत.

त्याने मोठ्या उत्साहाने फोटो आणले. चौसष्टच्या चौसष्ट फोटोंत झेंडूचं फूल इतकं स्पष्ट की पाकळ्या मोजाव्यात, आणि मागे चार काळे ढग.

"डिस्का कुठायत?"

"त्याच मागे आहेत काका. बॅकग्राउंड ब्लर केलंय. सध्या तीच स्टाइल चालते."

कुठल्याही कलावंताचा मला इतका राग कधी आला नाही. हिराबायने फोटो हातात घेऊन बघितले आणि जगदीशला म्हणाली, "फुलं बाकी झ्याक आलीत."

मग एकेक मांडणी करून बघणं आलं. मांडायचं, जुळतंय का बघायचं, नाही, पुढची. सातव्या मांडणीला जगदीशने भटजींना विचारून बघू का म्हटलं, तेव्हा त्याला मी चहा आणायला पाठवलं. चौदाव्या मांडणीला पडद्यावर कप्प्यांची यादी उलगडली. ओळीने लग्नंच लग्नं, आणि सगळ्यांत खाली 'हिराबाय धवले'. पहिली फीत लावली.

दुकानात एवढा मोठा आवाज घुमला की दारातला कुत्रा उठून गेला. "आरं तो पंखा बंद कर आदी! आनि तू काय बगतंस, मानूस कवा बगितला न्हाय काय?" हा जगदीशला दम होता. मग खाकरणं, आणि मग हळदीचा धवला सुरू झाला. तो भरलेला, वरच्या पट्टीतला गळा मी कित्येक लग्नांत जेवायच्या रांगेत उभा राहून ऐकला होता आणि कधी नीट ऐकला नव्हता. हिराबायचा हात सोड्यांवरच थांबला. धवला संपेपर्यंत ती हलली नाही. मग अगदी हळू म्हणाली, "मी एवरी मोठ्यान बोलायची?" तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. माझ्याही आलं. जगदीश तर आधीपासूनच रडत होता.

गोष्ट इथे संपली असती तर ती मी आजवर शंभरदा सांगितली असती. पण संध्याकाळी सगळ्या फिती तपासताना शेवटची, पाठवणीच्या धवल्याची फीत थोडी वाजून खरखरली आणि बंद पडली. जिवंत तीन डिस्कांपैकी एकीवर जुने खराब ठिपके होते, आणि मेलेल्या डिस्कची पानं लिहून काढायला नेमकी तीच जागा लागत होती. मूळ डिस्क परत काढली, हळू वाचली, गार करून वाचली, उलटी धरून वाचली. आठ दिवस झटलो. ती फीत आली नाही. खराब ठिपके डबा कधीचा दाखवत असणार, आणि दर सहा महिन्यांनी येऊन बघीन असं मी जगदीशला सांगितलं होतं. दीड वर्षात एकदाही गेलो नव्हतो. हे मी हिराबायलाही सांगितलं.

ती म्हणाली, "दुसरी कनचीबी गेली असती त चाललं असतं रं."

दुसऱ्या गावच्या धवलारणीला बोलावू या, असं जगदीशने सुचवलं. हिराबायने सूप असं आपटलं की सोडे माझ्या कीबोर्डात गेले. त्या बाईचा पाठवणीचा धवला वेगळा होता आणि हिराबायच्या मते तो धवला नव्हताच. प्रणाली तर स्वतःच नवरी, तिने स्वतःची पाठवणी कशी गायची? हिराबायने माझ्याकडे बघितलं.

"तू म्हनशील."

"मी? हे बायकांचं गाणं हाय."

"तुजा डबा, तुजी फुशारकी. मी कानात सांगन, तू मोठ्यान म्हन."

मला गाता येत नाही. हा विनय नव्हे. शाळेत प्रार्थनेच्या वेळी गुरुजी मला घंटेपाशी उभं करायचे आणि ओठसुद्धा हलवू नकोस म्हणायचे. पाठ करायला बसलो तर हिराबाय दर वेळी नवरीप्रमाणे, गावाप्रमाणे ओळी थोड्या बदलून सांगायची, त्यामुळे पाठ करण्यात अर्थच उरला नाही. आयत्या वेळी कानात सांगायचं, एवढंच ठरलं.

लग्नाला जगदीशने धवल्यांच्या तीन प्रती आणल्या. एक त्याच्याकडे, एक माझ्याकडे आणि एक हिराबायने तांदळाच्या डब्यात ठेवून वरून झाकण घट्ट लावलं. हळदीला कर्ण्यावरून तिचा धवला लागला. पंख्याचा दम जगदीशने कापला नव्हता. "पंखा बंद कर आदी!" ऐकताच मांडववाल्याने धावत जाऊन मांडवातले चारही पंखे बंद केले, आणि पुढचा अर्धा तास पाहुणे घाम पुसत राहिले. प्रणाली हळदीने माखलेल्या तोंडाने हसत होती. मांडवाचा झाला, सगळे झाले. लग्न लागलं, जेवणं झाली, आणि पाठवणी आली.

हिराबायने माझं मनगट धरून मला मांडवाच्या मधोमध नेलं. ती माझ्या खांद्याएवढी. तिचं तोंड माझ्या कानाशी यावं म्हणून मला कमरेत वाकून उभं राहावं लागलं. समोर जगदीश तिन्ही कॅमेरे रोखून. तिने पहिली ओळ कानात सांगितली. मी ती म्हटली. मांडवात जो हशा उठला तो तुम्ही मोबाइलवर ऐकलाच असेल. बँडवाल्याने सनईच खाली ठेवली. नवरदेवाचा काका हसता हसता खुर्चीसकट मागे गेला. प्रणालीने तोंडाला पदर लावला, तरी तिचे खांदे हलत होते. हिराबायने माझ्या मनगटाला चिमटा काढला आणि दुसरी ओळ सांगितली. मी तीही म्हटली, आणखी वाईट.

तिसऱ्या ओळीला मी तोंड उघडायच्या आत मागून एका बाईने ती उचलली. चौथ्या ओळीला चौघी-पाचजणी झाल्या. मग बसलेल्या बायका उठून पुढे आल्या. कुणी साठीची, कुणी पोर कडेवर घेतलेली. एकीला एक ओळ येत होती, दुसरीला तिच्या पुढची. एकजण अडली की पलीकडून कुणीतरी चालवत होती. शिकायला कुणीच गेली नव्हती. हिराबायने ज्या दिवशी गाऊन त्यांना पाठवलं होतं, त्या दिवशी रडता रडता जे कानात राहिलं ते होतं. प्रणालीचं हसणं थांबलं आणि ती त्या घोळक्यात शिरून मोठ्याने रडायला लागली.

माझं काम संपलं होतं. मी गप्प झालो आणि सरळ उभा राहायला गेलो, तर मनगटावरची पकड सुटेना. हिराबायने डोळे मिटले होते आणि ती माझ्या कानात गात होती. ओळी सांगत नव्हती, गात होती. नुसत्या वाऱ्यासारखं, पण हेल, ताना, मधला श्वास, सगळं जिथल्या तिथे. मांडवात दुसऱ्या कुणाला ते ऐकू येणं शक्य नव्हतं. नात गाडीत बसली, गाडी खाडीच्या रस्त्याला लागली, बायका पांगल्या, मांडववाला खुर्च्या गोळा करायला लागला, तरी धवला चालूच होता. जगदीशने लांबून खुणेने विचारलं, काय झालं? मी त्याला हातानेच थांब म्हटलं आणि शेवटची ओळ येईपर्यंत तसाच वाकून उभा राहिलो. त्या पाठीला पुढे आठ दिवस शेक द्यावा लागला.